मालवणी खाणावळ (मुंबई)

मालवणी खाणावळ : दक्षिण कोकणातून मुंबईत आलेल्या कुटुंबांनी चालवलेले मासळीच्या जेवणाचे ठिकाण. पाटीवर आज ‘रेस्टॉरंट’ लिहिलेले असो की ‘लंच होम’, मूळ धंदा महिन्याचे पैसे भरून दोन वेळ जेवणाऱ्या गिरणी कामगारांचा. मालक ‘मालवणी’ म्हणवतो, पण त्याचे गाव कणकवली, देवगड किंवा वेंगुर्लेही असू शकते.

शहरातली पहिली कापड गिरणी १८५४ साली ताडदेवला स्थापन झाली आणि त्यानंतर रत्नागिरी जिल्ह्यातून (सिंधुदुर्ग १९८१पर्यंत त्यातच होता) पुरुष मुंबईकडे निघाले. बायकामुले गावी राहिली. लालबाग-परळच्या चाळीत एका खोलीत दहा-पंधरा गडी पाळीप्रमाणे झोपत आणि शेजारी बिऱ्हाड थाटलेली एखादी बाई त्यांना रांधून घाली. खाणावळीचा उगम हा. भांडवल म्हणजे चूल, पाटा-वरवंटा आणि गावाहून आलेले आमसूल व तिरफळ (मसाल्यात वापरायचे वाळवलेले छोटे फळ). गडी पगार झाल्यावर पैसे देणार, वाणी मात्र आधी मागणार. त्यामुळे बाई सावकाराच्या तावडीत सापडे. अशा बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९८२च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि जेवणारेच उरले नाहीत. काही घरांनी तेव्हा टेबले मांडून रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला दार उघडले.

या खाणावळी सहसा गल्लीत असतात, पाण्याकाठी नव्हे. समुद्र त्यांच्याकडे माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून येतो. पहाटे तिथे होड्या लागतात, लिलाव होतो, आणि बांगडा, सुरमई पाट्यांतून बाहेर पडते. कोकणची माणसेही एकेकाळी आगबोटीने येऊन मुंबईच्या धक्क्यावरच उतरत. पावसाळ्यात आगबोटी बंद राहत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते, म्हणून त्या दिवसांत ताटात सुकट आणि सोड्यांचे (सुकवलेल्या कोळंबीचे) कालवण जास्त. किनाऱ्यावरचे कोळी मात्र इथले मूळचे. कोळणीच्या हातचे कालवण आणि मालवणी तिखले (मासळीचे तिखट कालवण) यांना एकच समजणे ही खवय्यांची सर्रास चूक आहे.

ताटात तळलेला तुकडा, तिखले किंवा नारळाच्या वाटणाचे सार, तांदळाची भाकरी किंवा वडे, भात आणि शेवटी सोलकढी. तिरफळ बांगड्याला हवेच. ते चावायचे नसते, हे नवख्याला पहिल्या घासातच कळते. सोमवार, गुरुवार आणि श्रावणात गर्दी ओसरते, तर गटारीला उभे राहायला जागा नसते.

फळ्यावर ‘सुरमई’ आणि ‘पापलेट’ लिहिलेले असते. स्वयंपाकघरात हाक मात्र इसवण आणि सरंगो अशीच जाते.