रत्नभुंगेऱ्यांचे प्रादेशिक सर्वेक्षण

रत्नभुंगेऱ्यांचे प्रादेशिक सर्वेक्षण : एखाद्या ठरावीक भूप्रदेशात रत्नभुंगेऱ्यांच्या कोणकोणत्या जाती राहतात, त्या कोणत्या वनस्पतींवर वाढतात आणि वर्षाच्या कोणत्या काळात दिसतात, याची नमुने गोळा करून व ते ओळखून केलेली पद्धतशीर नोंद. रत्नभुंगेरे कोलिऑप्टेरा गणाच्या ब्युप्रेस्टिडी कुलात मोडतात आणि जगभरात त्यांच्या सुमारे १५,००० जाती ज्ञात आहेत. सर्वेक्षणातून हाती येते ती जातींची यादी. मात्र तिचे मोल प्रत्येक जातीपुढे झाडाचे नाव लिहिले आहे की नाही, आणि ते कशावरून लिहिले आहे, यावर ठरते. हा कीटक आयुष्याचा बहुतेक काळ अळीच्या रूपात झाडाच्या आत काढतो. उन्हात झळाळणारा प्रौढ भुंगेरा हा त्या आयुष्याचा अखेरचा, बहुधा काही आठवड्यांचाच टप्पा असतो.

प्रौढाचे शरीर टणक, लांबट व मागे निमुळते असते. डोके छातीत रुतलेले, शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) ११ खंडांच्या व दातेरी, प्रत्येक पाऊल पाच खंडांचे, आणि पोटाच्या खालच्या बाजूचे पहिले दोन दृश्य खंड एकमेकांशी जुळलेले, या खुणांवरून कुल ओळखता येते. टिचक्या भुंगेऱ्यांशी त्यांचे साम्य आहे; परंतु रत्नभुंगेऱ्याच्या छातीचा पुढचा भाग मागच्या भागाशी घट्ट सांधलेला असल्याने उताणा पडल्यावर तो टिचकी मारून उडू शकत नाही. आकारात कमालीची तफावत आढळते. पाने पोखरणारे ट्रॅकिस वंशातील भुंगेरे अवघे दोन-चार मिलिमीटरांचे असतात, तर अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला युक्रोमा गिगँटिया सहा सेंटिमीटरांच्याही पुढे जातो.

झळाळीचे कारण रंगद्रव्य नव्हे. पंखावरणाच्या (पाठीवरच्या कडक पुढच्या पंखांच्या) बाह्यत्वचेत अतिशय पातळ थर एकावर एक रचलेले असतात; त्यांवरून परावर्तित होणारा प्रकाश हिरवा, निळा किंवा तांबूस दिसतो. म्हणूनच ही चमक कीटक मेल्यावरही टिकते. जपानमधील नारा परिसरातील होर्यू-जी मंदिरात सातव्या शतकातला एक देव्हारा आहे, त्याच्या सजावटीत या भुंगेऱ्यांचे पंख वापरलेले होते. जर्मनीतील मेसेल येथील सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही रत्नभुंगेऱ्यांचे धातुवर्ण शाबूत आहेत. सर्वेक्षणाच्या दृष्टीने मात्र ही झळाळी फसवी ठरते. मोठे, भडक भुंगेरे सर्वांच्या नजरेत भरतात, संग्रहालयांत व छायाचित्रांत त्यांचीच गर्दी होते. ॲग्रिलस हा वंश याच्या अगदी उलट टोकाला आहे. त्याच्या ३,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. सगळ्या प्राणिसृष्टीत सर्वाधिक जाती असलेल्या वंशांपैकी तो एक होय. पण त्यातले बरेचसे भुंगेरे सेंटिमीटरभरही लांब नसतात आणि मळकट काळे, कांस्यवर्णी किंवा हिरवट दिसतात. ज्या यादीत ॲग्रिलसच्या जाती मोजक्याच आहेत, त्या यादीच्या मागे बारकाईचा शोध क्वचितच असतो.

अळी आणि तिच्या खुणा : बहुतेक जातींच्या अळ्या साल व काष्ठ यांच्या मधल्या थरात किंवा थेट लाकडात बोगदे करतात, काही मुळांत, काही झुडपांच्या व ओषधींच्या (लहान, नरम खोडाच्या वनस्पतींच्या) खोडांत, तर काही पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहतात. अळीला पाय नसतात. डोक्यामागचा भाग रुंद व चपटा असल्याने ती चटकन ओळखू येते. वाळलेल्या फांदीची साल चाकूने सोलली, की नागमोडी, सपाट तळाचा बोगदा दिसतो आणि त्यात बारीक भुसा घट्ट ठासून भरलेला असतो. भुसा बाहेर न ढकलता मागे दाबत जाणे ही या कुलाची सवय आहे. प्रौढ बाहेर पडतो त्या छिद्राचा आकार आणखी बोलका असतो. ॲग्रिलसच्या छिद्राची एक कड सरळ व दुसरी कमानदार असते. क्रायसोबोथ्रिसचे छिद्र चपटे लंबगोल असते. भुंगेरा एकही न दिसता, नुसत्या छिद्रांवरून या कुलाची उपस्थिती आणि बऱ्याचदा वंशही ताडता येतो. जात मात्र ठरवता येत नाही, आणि छिद्रांच्या आधारे यादीत जातीचे नाव घालण्याचा मोह टाळलाच पाहिजे.

अळीचा काळ सामान्यतः एक-दोन वर्षांचा असतो, पण लाकूड वाळले की तो विलक्षण लांबतो. ब्युप्रेस्टिस ऑरुलेंटा या उत्तर अमेरिकी जातीचा भुंगेरा इमारतीत बसवलेल्या लाकडातून ५१ वर्षांनी बाहेर पडल्याची नोंद आहे. घरातल्या चौकटीतून किंवा आयात मालाच्या खोक्यातून निघालेला भुंगेरा त्यामुळे त्या प्रदेशाचा रहिवासी मानता येत नाही. अशा नोंदी यादीत वेगळ्या ठेवतात.

शोधाची वेळ व जागा : रत्नभुंगेरे उन्हाचे भोक्ते. सर्वांत सक्रिय ते कडक उन्हात असतात. त्या वेळी ते डोळ्यांनी शोधता येतात, पण पकडायला गेले की क्षणात उडतात. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात. तेव्हा झुडपाखाली ताणलेली पांढरी चादर धरून फांदीवर काठीने ठोकले, की ते पाय आखडून मेल्याचे सोंग घेत चादरीवर पडतात. दोन्ही वेळा साधाव्या लागतात. रात्रीच्या प्रकाशसापळ्याचा या कुलासाठी फारसा उपयोग नाही. ॲन्थॅक्सिया व ॲक्मीओडेरा हे वंश फुलांवर परागकण खाताना सापडतात. यांपैकी ॲक्मीओडेराची पंखावरणे एकमेकांना जुळलेली असल्याने तो ती न उघडताच उडतो आणि उडताना मधमाशीसारखा भासतो. नवख्याच्या जाळीतून तो सहसा याच कारणाने सुटतो. नुकतीच तोडलेली झाडे, वादळात मोडलेल्या फांद्या, उन्हात रचलेले सरपण ही अंडी घालायला येणाऱ्या माद्यांची हमखास ठिकाणे होत.

मेलॅनोफिला वंशाचे भुंगेरे तर जळत्या वनाकडे धाव घेतात. त्यांच्या छातीवर, मधल्या पायांलगत, दोन खळगे असतात आणि प्रत्येक खळग्यात अवरक्त प्रारण (उष्णतेचे अदृश्य किरण) टिपणारी सुमारे ७० संवेदनांगे असतात. आगीने दुबळ्या झालेल्या झाडात अळीला विरोध होत नाही, म्हणून मादी तेथे अंडी घालते. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोलिंगा येथे तेलाच्या टाक्यांना आग लागली, तेव्हा या वंशाचे भुंगेरे तेथे मोठ्या संख्येने गोळा झाले होते. वणव्यानंतरचे पहिले काही दिवस हुकले, तर ज्या प्रदेशात हा वंश आहे तेथील यादीत तो कधी चढतच नाही.

सापळे : झाडाच्या शेंड्याकडे राहणाऱ्या जाती चादरीवर पडत नाहीत. त्यांच्यासाठी जांभळ्या किंवा हिरव्या रंगाचे, चिकट लेप दिलेले तीन बाजूंचे प्लॅस्टिकचे सापळे उंच फांद्यांवर टांगतात. एकाखाली एक नरसाळी जोडलेले हिरवे सापळेही वापरतात. नर जोडीदार डोळ्यांनी शोधतात. पानावर मेलेला भुंगेरा टाचून ठेवला, तरी काही ॲग्रिलस जातींचे नर वरून थेट त्याच्यावर झेपावतात. या दृष्टिनिष्ठ वागण्याचे टोकाचे उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियात मिळाले. ज्युलोडिमॉर्फा बेकवेली या मोठ्या भुंगेऱ्याचे नर रस्त्याकडेला पडलेल्या तपकिरी, दाणेदार पृष्ठाच्या बिअरच्या बाटल्यांशी मीलनाचा प्रयत्न करताना आढळले आणि १९८३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. पिवळ्या पसरट थाळ्या व तंबूसारखे मॅलेस सापळे फुलांवर येणाऱ्या लहान जातींसाठी बरे पडतात.

सर्वांत हुशार सापळा मात्र माणसाने बनवलेला नाही. सेर्सेरिस वंशातील काही गांधीलमाश्या आपल्या अळ्यांसाठी रत्नभुंगेऱ्यांची शिकार करतात. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लेआँ द्युफूर यांनी १८४१ मध्ये सेर्सेरिस ब्युप्रेस्टिसिडा हिच्या जमिनीतील घरट्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. घरट्यांतले भुंगेरे इतके ताजे होते, की माशीच्या विषात शव टिकवण्याचा गुण असावा असे त्यांना वाटले. हे भुंगेरे मेलेले नसून डंखाने लुळे पडलेले असतात, हे पुढे झाँ-आंरी फाब्र यांच्या संशोधनातून उमगले. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात सेर्सेरिस फ्युमिपेनिस हिचा आज सर्वेक्षणासाठी रीतसर उपयोग होतो. ती उघड्या, घट्ट, वालुकामय जमिनीत बिळे करते. बेसबॉलची मैदाने तिला विशेष मानवतात. मादीच्या काळ्या पोटावर, दुसऱ्या खंडावर, एकच रुंद पिवळा पट्टा असतो. दुपारच्या उन्हात ती पोटाखाली भुंगेरा धरून जड, संथ उड्डाण करत बिळाकडे येते. जाळीने तिला पकडून भुंगेरा काढून घेतात व तिला सोडून देतात. किंवा बिळाच्या तोंडावर छिद्र पाडलेला पुठ्ठा ठेवतात: रिकामी माशी त्यातून आत जाते, भुंगेऱ्यासह ती मावत नाही, आणि पुष्कळदा शिकार बाहेरच टाकते. झाडांच्या शेंड्यांवरच्या, संग्राहकांच्या हाती क्वचितच लागणाऱ्या जाती या माशीमुळे नोंदल्या गेल्या आहेत. अर्थात तिलाही आवडनिवड आहे. पेलवेल त्या मापाचेच भुंगेरे ती आणते, आणि ते कोणत्या झाडावरून आणले हे कळायला मार्ग नसतो.

झाडाची नोंद : हाच सर्वेक्षणाचा सर्वांत नाजूक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होय. भुंगेरा एखाद्या पानावर बसलेला दिसला, एवढ्यावरून ती वनस्पती त्याची पोशिंदी ठरत नाही. तो उन्हे खायला टेकलेला असेल, पान खात असेल, किंवा नुसता वाऱ्याने आलेला असेल. ऑस्ट्रेलियातील कॅस्टियारिना वंशाच्या ४०० हून अधिक जाती आहेत आणि त्यांचे प्रौढ मुख्यतः मर्टेसी कुलातील फुलझाडांवर सापडतात. अळ्या कशात वाढतात याचा त्या फुलांवरून उलगडा होत नाही. जुन्या साहित्यात विसावा, आहार व अळीचे पोषण हे तिन्ही एकाच ‘आश्रयी वनस्पती’ या रकान्यात कोंबलेले दिसतात, आणि एका यादीतली अशी चूक पुढच्या याद्यांत जशीच्या तशी उतरत जाते. त्यामुळे नोंद करताना तीन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात: प्रौढ बसलेला होता, प्रौढ खात होता, की तो त्याच वनस्पतीतून बाहेर पडला.

यांपैकी तिसरीच नोंद निर्णायक असते आणि ती मिळवण्याचा मार्ग म्हणजे संगोपन. मरू घातलेल्या किंवा नुकत्याच वाळलेल्या फांद्या कापून बंद, अंधाऱ्या पेटीत ठेवतात. पेटीच्या एका भोकाला पारदर्शक बाटली जोडलेली असते. बाहेर पडणारा भुंगेरा उजेडाकडे जातो व बाटलीत सापडतो. एका पेटीत एकाच वनस्पतीचे लाकूड ठेवायचे, हा नियम मोडला की सारी मेहनत वाया जाते. वनस्पतीची ओळख पाने-फुले असतानाच पक्की करून घ्यावी, कारण वाळल्या काठीवरून ती करणे तज्ज्ञालाही अवघड जाते. लाकूड फार सुकू नये म्हणून अधूनमधून पाणी शिंपडतात. मग वाट पाहायची, एक हंगाम किंवा कित्येक वर्षे. पाने पोखरणाऱ्या जातींचे काम त्या मानाने सोपे आहे: पानावर फोडासारखा फिकट डाग दिसला की ते पान डबीत ठेवतात आणि काही आठवड्यांत प्रौढ मिळतो. संगोपनातून भुंगेऱ्यांबरोबर त्यांच्यावर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्याही बाहेर येतात; त्याही जपून ठेवाव्यात.

नमुने व ओळख : टाचणी उजव्या पंखावरणातून घालतात, लहान भुंगेरे पुठ्ठ्याच्या टोकावर चिकटवतात. चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, संग्राहक, पकडण्याची पद्धत व वनस्पती लिहितात. ज्युलोडिससारख्या वंशांच्या अंगावर पिवळी-पांढरी मेणचट भुकटी असते. ती बोटाने पुसली जाते आणि द्रावकात विरघळते, त्यामुळे असे नमुने अल्कोहॉलमध्ये टाकू नयेत. ॲग्रिलसच्या अनेक जाती बाहेरून एकसारख्या दिसतात. नराच्या जननांगाची रचना पाहिल्याशिवाय त्यांचा निवाडा होत नाही. एकट्या मादीला नाव देण्यापेक्षा ‘ॲग्रिलस, अनिश्चित जाती’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक. डीएनए बारकोडमुळे (जात ओळखून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यामुळे) अळी व प्रौढ यांची सांगड घालता येऊ लागली आहे, पण तुलनेसाठी नीट ओळखलेले नमुने आधी हवेतच.

नावांचा गुंता जुना आहे. बेल्जियमचे शार्ल केरेमान्स आणि चेक कीटकशास्त्रज्ञ यान ओबेनबर्गर यांनी या कुलातील जातींचे फार मोठ्या प्रमाणावर वर्णन केले. ओबेनबर्गर यांचा संग्रह प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एकाच जातीला अनेक नावे पडल्याची उदाहरणे त्यामुळे पुष्कळ. चार्ल्स बेलॅमी यांनी २००८-०९ मध्ये पाच खंडांत प्रसिद्ध केलेली जागतिक सूची आज नावे तपासण्याचा मुख्य आधार आहे.

यादी किती पूर्ण : रत्नभुंगेऱ्यांच्या सर्वेक्षणात एकदाच सापडलेल्या जातींचे प्रमाण नेहमी मोठे राहते. त्यावरून न सापडलेल्या जातींचा अंदाज बांधता येतो. ॲन चाओ यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार, एकच नमुना मिळालेल्या जातींच्या संख्येचा वर्ग करून त्याला दोन नमुने मिळालेल्या जातींच्या दुपटीने भागतात आणि येणारी संख्या सापडलेल्या जातींत मिळवतात. समजा ६० जाती सापडल्या. त्यांतील २० एकेकट्या आणि १० दोन-दोन नमुन्यांच्या असतील, तर अंदाज निदान ८० जातींचा येतो. हा अंदाज वापरलेल्या पद्धतींच्या कक्षेतलाच असतो. शेंड्यावर सापळे लावलेच नसतील, तर तिथल्या जाती या हिशेबात येत नाहीत. म्हणून किती तास, किती सापळे, किती पेट्या, आणि कुठे काहीच मिळाले नाही, हेही लिहून ठेवावे लागते.

उपयोग : ॲग्रिलस प्लॅनिपेनिस हा पूर्व आशियातील हिरवा भुंगेरा २००२ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट परिसरात मरणाऱ्या अ‍ॅश झाडांत सापडला. स्थानिक संग्रहांत त्याच्याशी जुळणारे काही नव्हते. स्लोव्हाकियातील ॲग्रिलस-तज्ज्ञ एदुआर्ड येंडेक यांनी तो ओळखला. झाडांच्या वलयांच्या अभ्यासावरून तो १९९० च्या दशकातच तेथे रुजला होता असे दिसून आले. तोवर त्याच्या मूळ प्रदेशात तो किरकोळ कीटक असल्याने त्याच्याविषयी फारसे लिहिलेच गेले नव्हते. पुढे त्याने कोट्यवधी अ‍ॅश झाडे मारली. ब्रिटनमध्ये ॲग्रिलस बायगुटॅटस एके काळी दुर्मीळ म्हणून नोंदलेला होता. आज तो व्यापक प्रमाणात आढळतो आणि ओकच्या तीव्र ऱ्हासाशी त्याचा संबंध जोडला जातो. उलट, जुन्या पाइन वनांतील मृत लाकडावर अवलंबून असलेला ब्युप्रेस्टिस स्प्लेंडेन्स युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशानुसार संरक्षित आहे, आणि तो कोणत्या वनात टिकून आहे हे तिथल्या वठलेल्या, उभ्या खोडांची तपासणी केल्यावरच कळते.