जेरंड की इन्फिनिटिव्ह : इंग्रजी क्रियापदांनंतरची निवड

इंग्रजीत एका क्रियापदाला जोडून दुसरी क्रिया सांगायची असली, की ती ‘-इंग’ लावून जेरंड रूपात येणार की ‘टू’सह इन्फिनिटिव्ह रूपात, हे पहिले क्रियापद ठरवते. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, डिनाय यांना ‘-इंग’ लागतो. वॉन्ट, होप, डिसाइड, रिफ्यूज यांना ‘टू’. शाळेत याच्या याद्या पाठ करून घेतात. पण त्यांच्यामागचा कल आधी समजला, तर पाठांतर बरेच हलके होते.

‘टू’ हा मुळात दिशा दाखवणारा शब्द. इच्छा, आशा, बेत, नकार यांची नजर अजून न घडलेल्या क्रियेकडे असते, म्हणून तिथे तो शोभतो. ‘-इंग’ रूप नामासारखे वागते. घडलेली किंवा घडत असलेली क्रिया ते सहज पेलते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी १९६८ मध्ये संभाव्य आणि वास्तव असा हा भेद मांडला. नियम मात्र पूर्ण नाही. सजेस्ट आणि पोस्टपोन पुढचेच बोलतात, तरी जेरंड घेतात. अशी क्रियापदे लक्षातच ठेवावी लागतात.

काही क्रियापदांना दोन्ही रूपे चालतात, पण अर्थ पालटतो. ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे तो बोलायचा थांबला. ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ म्हणजे तो बोलायला थांबला. हा फरक मराठी कानाला मुळातच कळतो, आणि शिकवताना त्याचा उपयोग व्हायलाच हवा. तसेच ‘रिमेंबर लॉकिंग’मध्ये कुलूप लावल्याचे आठवते, ‘रिमेंबर टू लॉक’मध्ये ते आठवणीने लावायचे असते. स्टार्ट आणि कंटिन्यू यांच्या बाबतीत अर्थ बहुधा बदलत नाही.

मराठीची सवय कधी आडवीही येते. ‘वाचायला आवडते’वरून ‘एन्जॉय टू रीड’ तोंडात येते. लाइकला दोन्ही रूपे चालतात, एन्जॉयला फक्त ‘रीडिंग’.

नोकरीच्या अर्जांत हमखास दिसणारी चूक म्हणजे ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. इथला ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नाही, नामाआधी येणारा आहे. म्हणून ‘टू मीटिंग यू’ हवे. शंका आली तर ‘टू’पुढे ‘दिस’ ठेवून पाहावे. ‘लुक फॉरवर्ड टू दिस’ जुळते, तेव्हा जेरंड. ‘वॉन्ट टू दिस’ जुळत नाही, तेव्हा मूळ क्रियापद.