एक ओहतानी की दोन? फँटसी बेसबॉलमधल्या वादाची पार्श्वभूमी

पिचिंग (चेंडू टाकणं) आणि बॅटिंग दोन्ही करणारा जपानी बेसबॉलपटू शोहेई ओहतानी हा एक खेळाडू धरायचा की दोन? २०१८ पासून दर मार्चमध्ये ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची वाटणी, तोंडावर आला की फँटसी बेसबॉलच्या (खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ करून त्यांच्या आकड्यांवर खेळायचा खेळ) लीगांमध्ये यावरून जुंपते. कोपराच्या दुखापतीनंतर जवळजवळ दोन वर्षं तो फक्त बॅटिंग करत होता, तेवढा काळ वाद थंडावला होता. १६ जून २०२५ ला तो पुन्हा पिचिंगसाठी माउंडवर उभा राहिला आणि भांडण जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

या खेळाचा जन्म बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १९६० मध्ये बॉस्टन परिसरातल्या एका समाजशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसोबत खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणारी एक स्पर्धा सुरू केली. तिची कल्पना विद्यापीठांमधून फिरत फिरत एका तरुण लेखक-संपादकापर्यंत पोचली. त्यानं १९७९ च्या अखेरीस टेक्सासला जाताना विमानात नियम लिहून काढले आणि १९८० च्या हंगामापासून न्यूयॉर्कमधल्या मित्रांबरोबर लीग चालू केली. मॅनहॅटनमधल्या ज्या फ्रेंच रेस्तराँमध्ये ही मंडळी जेवायला जमत, त्याच्या नावावरून या पद्धतीला रोटिसेरी किंवा नुसतं रोटो म्हणू लागले. पुढे सगळीकडे रूढ झालेली चौकट अशी: खेळाडूंच्या लिलावासाठी २६० डॉलरचं बजेट, २३ खेळाडू, त्यात १४ बॅटर आणि ९ पिचर.

आजच्या वादाचं मूळ या १४ आणि ९ मध्येच आहे. रोटोमध्ये बॅटिंगचे रकाने वेगळे, पिचिंगचे वेगळे. सुरुवातीला चार-चार होते. नंतर धावा आणि स्ट्राइकआउट (पिचरनं तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) आल्यावर ते पाच-पाच झाले. दहा संघांच्या लीगमध्ये होमरनच्या (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) रकान्यात पहिल्या आलेल्या संघाला १० गुण, शेवटच्याला १. प्रत्येक रकान्याची क्रमवारी स्वतंत्र लागते. क्रिकेटच्या फँटसीवर वाढलेल्या आपल्या वाचकांना ओहतानीचा प्रश्न प्रश्नच वाटत नाही तो यामुळे. तिथे धावांचे गुण आणि विकेटचे गुण एकाच खात्यात पडतात, संघ निवडताना अष्टपैलूंची वेगळी यादी असते, आणि जडेजाचे पन्नास धावा आणि तीन बळी वेगवेगळ्या मालकांना वाटून द्यावेत असं कुणाच्या मनातही येत नाही. बेसबॉलमध्ये मात्र संगणक येण्याच्या आधीपासून खेळाडू एकतर बॅटरच्या जागेवर बसायचा नाहीतर पिचरच्या. दोन्हीकडे बसणारा माणूस नियम लिहिणाऱ्यांनी पाहिलेलाच नव्हता.

तसे पिचर तेव्हाही बॅटिंग करत होते. नॅशनल लीगमध्ये (अमेरिकेतल्या दोन मुख्य खऱ्या लीगांपैकी एक) तर करावीच लागत असे. पण फँटसीत त्याची नोंद कुणी घेत नव्हतं. २ एप्रिल २०१७ ला, हंगामाच्या पहिल्याच दिवशी, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका डावखुऱ्या पिचरनं दोन होमरन मारले. सलामीच्या सामन्यात कुठल्याही पिचरनं आजवर केलं नव्हतं असं काहीतरी घडलं होतं. त्याच्या फँटसी मालकांना स्ट्राइकआउट मिळाले ११ आणि होमरन शून्य. लोक थोडा वेळ हळहळले आणि विसरले, कारण असा दिवस वर्षातून एखादाच येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

मधल्या काळात या धंद्याचं रूप पार बदललं होतं. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मोठ्या संकेतस्थळांनी फुकट लीग सुरू केल्या, आणि वहीत आकडेमोड करणारा लीगचा चिटणीस इतिहासजमा झाला. २००५ मध्ये खेळाडूंची नावं आणि आकडे वापरायचा एकाधिकार विकत घेण्याचा प्रयत्न झाला. सेंट लुईसची एक छोटी कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेली, २००६ मध्ये जिंकली, २००७ मध्ये अपिलातही जिंकली, आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे प्रकरण ऐकायलाच नकार दिला. खेळाडूचं नाव आणि त्याची कामगिरी ही सार्वजनिक माहिती आहे, तिच्यावर खेळ रचायचा हक्क कुणालाही आहे, हे तेव्हा पक्कं झालं. छोट्या लीगांसाठी हा निकाल फार मोलाचा होता. पण हिशेबाची सूत्रं त्यानंतरही मोठ्या संकेतस्थळांच्याच हातात राहिली. लीगची घटना घरची असली तरी आकडे जिथून येतात तिथली चौकट मोडता येत नाही, आणि २०१८ मध्ये हे लोकांना पहिल्यांदा टोचलं.

ओहतानीनं डिसेंबर २०१७ मध्ये लॉस एंजेलिस एंजल्स या संघाशी करार केला. ड्राफ्टला तीन महिने उरले होते. प्रत्येक संकेतस्थळाच्या यादीत खेळाडू बॅटर म्हणून नोंदलेला असे किंवा पिचर म्हणून, आणि दोन्ही ठिकाणी एकच माणूस दाखवायची सोय बहुतेकांकडे नव्हती. एका मोठ्या संकेतस्थळानं सरळ दोन ओहतानी केले: एक बॅटर, एक पिचर, दोघांची किंमत वेगळी, दोघांचे मालकही वेगळे असू शकतात. इतर काही ठिकाणी तो एकच राहिला, पण ज्या दिवशी किंवा ज्या आठवड्यात ज्या जागेवर बसवाल तेवढेच आकडे मोजले जाणार.

पहिल्या वर्षी यातला दुसरा मार्ग फारसा जाचला नाही. एंजल्स त्याला पिचिंगच्या दिवशी बॅटिंग करू देत नव्हते, त्यामुळे रोज लाइनअप लावणाऱ्याचं काही बुडत नव्हतं. आठवड्याची लाइनअप एकदाच लावायच्या लीगांमध्ये मात्र तेव्हापासूनच पंचाईत होती. मग जूनमध्ये त्याचं कोपर दुखावलं. जुलैच्या सुरुवातीला तो बॅटर म्हणून परतला, पिचर म्हणून सप्टेंबरपर्यंत बाहेर होता. आता तो जखमी की तंदुरुस्त? ज्याच्याकडे पिचर ओहतानी होता त्याला वाटत होतं की आपला खेळाडू जखमींच्या यादीत टाकता यावा. खऱ्या संघात तर तो रोज बॅट घेऊन उतरत होता. लीगोलीग यावर मतदान झालं आणि जिथे मतदान झालं तिथे भांडणंही झाली. ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. २०१९ मध्ये पिचर ओहतानी हे नुसतं नाव उरलं, तर २०२० मध्ये त्यानं दोन सामन्यांत मिळून पावणेदोन इनिंगही (एका सामन्यात अशा नऊ) टाकल्या नाहीत आणि नऊ इनिंगमागे ३७.८० च्या सरासरीनं धावा दिल्या. दोन तुकडे करणाऱ्यांना त्या वर्षी आपण शहाणे ठरलो असं वाटलं असणार.

२०२१ मध्ये एंजल्सनी सगळी बंधनं काढून टाकली. ४ एप्रिलला त्यानं पहिल्या इनिंगमध्ये ताशी १०० मैलांपुढे चेंडू टाकले आणि त्याच इनिंगमध्ये ४५१ फुटांचा होमरन मारला. त्या हंगामात ४६ होमरन, ९ विजय, १५६ स्ट्राइकआउट. पुढच्या वर्षी ३४ होमरन, १५ विजय, २१९ स्ट्राइकआउट. जागा निवडायची सक्ती असलेल्या लीगांमध्ये आता प्रत्येक पिचिंगच्या दिवशी अर्धा माणूस वाया जाऊ लागला.

या व्यवस्थेचा फोलपणा पाहायचा तर २७ जुलै २०२३ चा दिवस घ्यावा. आदल्या रात्री डेट्रॉइटमध्ये पाऊस पडला म्हणून गुरुवारी डबलहेडर, म्हणजे एकाच दिवशी दोन सामने, होता. पहिल्या सामन्यात ओहतानीनं नऊच्या नऊ इनिंग स्वतः टाकल्या, १११ चेंडूंत, एकच हिट दिला, एकही धाव दिली नाही. त्याच्या अमेरिकेतल्या कारकिर्दीतला तो पहिला पूर्ण सामना. थोड्या वेळानं दुसरा सामना सुरू झाला आणि त्यात त्यानं दोन होमरन मारले. आता मालकाच्या बाजूनं पाहा. दुपारी पहिला चेंडू पडला की बहुतेक ठिकाणी जागा बंद. पिचरच्या जागेवर बसवलं असेल तर विजय मिळाला, आठ स्ट्राइकआउट मिळाले, होमरन गेले. बॅटरच्या जागेवर असेल तर होमरन मिळाले आणि तो शटआउट कुणाच्याच खात्यात नाही. दोन ओहतानी असलेल्या लीगमध्ये आणखी विचित्र प्रकार होऊ शकत होता: त्या आठवड्यात समोरासमोर असलेल्या दोन मालकांपैकी एकाकडे त्याचा हात, दुसऱ्याकडे त्याची बॅट, आणि एकच माणूस दोन्ही बाजूंनी झुंजतोय. बेसबॉलच्या इतिहासातल्या थोर दिवसांपैकी एक, आणि आपल्या हिशेबाला तो अखंड धरता आला नाही.

सुपरहीरोंची कॉमिक्स वाचणाऱ्यांना ही गाठ ओळखीची वाटेल. १९४० चा फ्लॅश वेगळा, १९५६ मध्ये नव्या रूपात आणलेला वेगळा, आणि दोघांचे चाहते आपापल्या फ्लॅशला धरून बसलेले. १९६१ मध्ये प्रकाशकांनी एका कथेत दोन पृथ्व्या कल्पून दोघांची भेट घडवली, आणि तेव्हापासून प्रत्येकाला आपल्या आवडीची आवृत्ती जपायची मुभा मिळाली. पसारा आवरेना तेव्हा १९८५-८६ मध्ये बारा अंकांच्या मालिकेत सगळ्या पृथ्व्या एकत्र केल्या गेल्या. वाचकांनी ते मनावर घेतलं नाही, आणि २००७ पर्यंत अनेक पृथ्व्या परत आल्या. फँटसीतल्या दोन ओहतानींचं समर्थन करणारे नेमका हाच दाखला देतात. माझं म्हणणं असं की तिथे मुखवट्याआड खरोखर दोन निराळी माणसं होती. इथे कोपर एकच आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला पहिल्या इनिंगमध्ये होमरन मारल्यावर दुसऱ्या इनिंगमध्ये ते कोपर गेलं, तेव्हा त्याच दिवशी दुसऱ्या सामन्यात तो तेच दुखरं कोपर घेऊन बॅटिंगला उतरला होता.

खऱ्या लीगनं, म्हणजे मेजर लीग बेसबॉलनं, हा प्रश्न बराच आधी सोडवला, तेही बऱ्याच समजूतदारपणे. २०२० पासून दुहेरी खेळाडूची अधिकृत वर्गवारी आली: एका हंगामात २० इनिंग पिचिंग आणि बॅटर म्हणून २० सामने. अशा खेळाडूला संघाच्या पिचरांच्या कमाल संख्येत धरत नाहीत. २०२१ च्या ऑल-स्टार सामन्यात ओहतानी सलामीचा पिचर आणि सलामीचा बॅटर दोन्ही होता, आणि त्यासाठी खास सवलत दिली गेली. २०२२ मध्ये ती कायमचा नियम झाली. पिचर म्हणून बाहेर पडला तरी नियुक्त बॅटर (फक्त बॅटिंग करणारा) म्हणून तो सामन्यात राहू शकतो. एका माणसासाठी शंभर वर्षांहून जुन्या संस्थेनं नियम वाकवले. फँटसीवाल्यांनी मात्र नियम वाचवायला माणूसच कापला.

विरोधी बाजूचा एक मुद्दा वजनदार आहे. एकच जागा अडवून दोघांचे आकडे मिळाले तर त्या मालकाला बाकीचे गाठणार कसे? लिलाव असेल तर त्याची किंमत आपोआप चढते. जो त्याच्यावर बजेटचा मोठा हिस्सा उडवेल त्याला बाकीचे २२ खेळाडू स्वस्तातले घ्यावे लागतील, हिशेब बरोबर बसतो. पाळीपाळीनं निवड करायच्या ड्राफ्टमध्ये मात्र पहिला क्रमांक चिठ्ठीत ज्याला मिळाला त्याचीच चैन होते, आणि यावर चांगला उतारा अजून सापडलेला नाही. निम्म्याहून अधिक घरगुती लीग अशाच ड्राफ्टनं चालत असतील तर त्यांची तक्रार खोटी म्हणता येणार नाही.

खरा गुंता कीपर लीगांचा आहे, जिथे खेळाडू पुढच्या हंगामांसाठीही राखता येतात. काहींनी २०१८ मध्ये दोन तुकडे वेगवेगळे विकत घेतले. पिचर तुकड्याच्या मालकानं २०१९ मध्ये काहीच हातात नसताना तो सांभाळला, २०२४ मध्येही सांभाळला. त्या वर्षी बॅटर तुकड्याचा मालक ५४ होमरन आणि ५९ चोरलेल्या बेसवर (फटका नसताना धावून गाठलेले टप्पे) मजेत होता. २०२५ मध्ये पिचर परतला, ४७ इनिंगमध्ये ६२ स्ट्राइकआउट आणि २.८७ ची सरासरी, शिवाय बॅटिंगमध्ये ५५ होमरन. आता लीगला दोन्ही तुकडे जोडायचे असतील तर ते कुणाच्या पदरात घालायचे? वाट पाहणाऱ्याच्या की फळ खाणाऱ्याच्या? काही संकेतस्थळांवर एकत्र की वेगळा हे कमिशनरला, म्हणजे लीग चालवणाऱ्याला, ठरवता येतं, पण जुने करार कसे मिटवायचे हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही. जिथे जमलं तिथे एक तोडगा निघतो: हंगाम संपल्यावर दोन्ही मालकांनी एकमेकांवर बोली लावायची, हरणाऱ्याला ड्राफ्टमधल्या वरच्या निवडी द्यायच्या, आणि पुढच्या मार्चपासून यादीत त्याचं नाव एकदाच लिहायचं.