आजींशी लाडात बोलणं आणि आजींना कळेल असं बोलणं, फरक कुठंय?

नाशकातल्या एका हॉस्पिटलात माझी आत्या चार दिवस होती, वय 78, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. सिस्टर यायच्या आणि बारीक सुरात, "आज्जीऽऽ, आता आपण छानपैकी इंजेक्शन घेऊया हं, शहाणी ना माझी!" तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, सुई मलाच टोचणार ना, मग हे 'आपण' कोण?

सिस्टरचा हेतू चांगलाच होता हो, म्हणून तर गोंधळ होतो. म्हाताऱ्या माणसाशी हळू आणि सोपं बोला असं सगळेच सांगतात आणि वरवर बघितलं तर दोन्ही सेमच वाटतं. लाडिक बोलण्याला एल्डरस्पीक म्हणतात आणि तो एजिझमचा, म्हणजे वयावरून माणसाला कमी लेखण्याचाच प्रकार ('एजिझम' हा शब्द रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं 1969 मध्ये आणला), फक्त गोड असल्यामुळं पकडता येत नाही.

आता कानाचं बघा. वयानं ऐकू येणं कमी होतं ते आधी बारीक सुरांचं, स, श, फ असले आवाज गळतात, म्हणून "आवाज येतो पण शब्द कळत नाही" असं म्हणतात ही माणसं. आणि लाडात आपण सूर चढवतो, म्हणजे नेमकं जिकडं ऐकू येत नाही तिकडंच जातो! ओरडूनही फार फायदा नाही, शब्द अजूनच फाटतात. कळेल असं बोलायचं तर समोर यायचं, सूर खाली ठेवायचा, एका वेळी एकच गोष्ट सांगून थांबायचं, पण शब्द मोठ्या माणसाचेच. "शुगर 240 आहे, म्हणून इन्सुलिन देतेय."

आपल्याकडं अजून एक घोळ, घरी आजीला आपण 'तू'च म्हणतो. मग सिस्टर "आजी, तू जेवलीस का" म्हणाली तर? माझं मत, 'आजी' चालेल, 'तू' नातवंडांनाच. आणि आजी समोर बसलेली असताना मला विचारायचं "जेवल्या का ह्या?", याला तर काय बोलावं.

ही लाडिक बोलायची सवय लेक्चरनं जात नाही कारण स्वतःचा सूर स्वतःला ऐकू येत नाही. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या क्रिस्टीन विल्यम्स यांनी नर्सिंग होममधल्या (तिकडं म्हणजे म्हाताऱ्या माणसांना ठेवून सांभाळणारी केंद्रं) रोजच्या कामाचे व्हिडिओ तपासले, 2009 च्या त्या अभ्यासात लाडिक बोलल्यावर डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) पेशंट जास्त विरोध करताना दिसले. नंतर 13 नर्सिंग होममध्ये स्टाफला असल्याच क्लिप दाखवून ट्रेनिंग दिलं, तर लाडिक बोलणं कमी झालं आणि पेशंटचा विरोधही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथंच नाशकात म्हसरूळला आहे, राज्यभरची नर्सिंग कॉलेजं त्याच्याकडं, एकच इंजेक्शन दोन पद्धतीनं दाखवणारी मराठी क्लिप करायला फार खर्च नाही.

चौथ्या दिवशी दुसऱ्या सिस्टर आल्या, म्हणाल्या, "बाई, डाव्या दंडावर देते, थोडं टोचेल." आत्यानं स्वतःच बाही वर केली आणि किती युनिट ते विचारून घेतलं.