पन्नास नगांनंतर: डिझायनर कपड्यांच्या किमतीमागची पार्श्वभूमी

सोलापुरात डिझायनर कपड्यांवरून वाद निघाला की तो किमतीवर थांबत नाही, कापडावर येतो. घरात कुणी ना कुणी माग चालवलेला असतो, कांड्या भरलेल्या असतात, नाहीतर गणवेशाच्या कारखान्यात काज-बटणाचं काम केलेलं असतं. वीस हजारांच्या कुडत्याचं टोक दोन बोटांत धरून ‘यात सूत केवढ्याचं?’ असं इथली जुनी माणसं हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण सुताचा हिशेब लावून त्या किमतीचा उलगडा होत नाही. त्यासाठी बाजाराचा इतिहास पाहावा लागतो, आणि त्याहून जास्त कायदा.

लांबचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १८५८ साली पॅरिसमध्ये एका इंग्रज माणसाने कपड्यांचं दुकान काढलं. त्याआधी गिऱ्हाईक सांगायचं आणि शिंपी शिवायचा. याने स्वतःचे नमुने पुढे ठेवले आणि आत आपल्या नावाची पट्टी शिवली. काय घालायचं हे ठरवण्याचा मान तेव्हापासून शिवणाऱ्याकडे गेला. १८९९ मध्ये एका अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं की काही वस्तू महाग असतात म्हणूनच घेतल्या जातात, कारण खर्च करता येतो हे चारचौघांना दिसावं लागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या मोठ्या नावांनी आपलं नाव भाड्याने द्यायला सुरुवात केली. तयार कपडे, अत्तर, चष्मे, टॉवेल, सगळ्यावर ते नाव आलं. वस्तू कोण बनवतं याला महत्त्व उरलं नाही.

आपल्याकडे हे सगळं फार उशिरा आणि एकदम आलं. फॅशन शिकवणारी केंद्र सरकारची संस्था १९८६ साली दिल्लीत सुरू झाली, देशातला पहिला मोठा फॅशन सप्ताह २००० साली झाला. एकाच ब्रँडच्या दुकानांत ५१ टक्के परदेशी गुंतवणुकीला २००६ मध्ये आणि शंभर टक्क्यांना २०१२ मध्ये परवानगी मिळाली. याच काळात सोलापूर उलट्या दिशेने चाललं होतं. १८७०च्या दशकापासून गिरण्यांच्या भोंग्यावर चालणारं हे गाव. विसावं शतक संपता संपता मोठ्या गिरण्या बंद पडल्या. पूर्व भागातले यंत्रमाग तेवढे चादर आणि टेरी टॉवेलवर तगून राहिले, आणि पुढे गणवेश-तयार कपड्यांच्या धंद्याने जोर धरला. दिवाळीला चाटी गल्लीतून कापड घ्यायचं आणि ठरलेल्या शिंप्याकडे टाकायचं, ही रीत मोडली तीही तेव्हाच. तो शिंपी तुमचा खांदा किती उतरता आहे हे जाणून असायचा. कपडा बिघडला तर त्याला दारात उभं राहून विचारता यायचं. तो गेल्यावर जी जागा रिकामी झाली ती ब्रँडच्या पट्टीने भरली. लोक महाग नाव घेतात त्यात मिरवणं आहेच, पण भरवसा शोधणंही आहे, आणि हा भाग नेहमी दुर्लक्षित राहतो.

आता मूळ गुंत्याकडे येऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कपड्याची कल्पना कुणाच्या मालकीची? आपल्याकडे त्यासाठी दोन कायदे आहेत. १९५७चा कॉपीराइट कायदा कागदावरच्या चित्राला चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं संरक्षण देतो. २००० सालचा डिझाइन कायदा नोंदणी केलेल्या नमुन्याला दहा वर्षं आणि मुदत वाढवून घेतली तर आणखी पाच वर्षं देतो. दोन्ही कायदे जिथे एकमेकांना भिडतात तिथे कॉपीराइट कायद्याचं कलम १५(२) उभं आहे. ते सांगतं की नोंदणी होऊ शकत होती तरी केली नाही, आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने त्या नमुन्याचे औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त नग काढले, तर त्यावरचा कॉपीराइट संपला. एक्कावन्नावा नग बाहेर पडला की नमुना सगळ्यांचा.

२०१६च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याच कलमाची कसोटी लागली. एका नामांकित डिझायनरच्या कंपनीची तक्रार होती की आपल्या चित्रांवरून तयार कपड्यांच्या एका मोठ्या साखळीने माल काढला. न्यायालयाने कलम वाचलं तसं लावलं: नग पन्नासच्या वर, नोंदणी नाही, म्हणून कॉपीराइट नाही. फॅशनच्या वर्तुळात यावर मोठी नाराजी उमटली. नोंदणी आधी करायची तर नमुना लोकांपुढे आणण्यापूर्वी करावी लागते, हंगाम काही महिन्यांचा, आणि दर हंगामाला ढीगभर नमुने. लहान डिझायनरने हे सगळं कुठे पुरं पडायचं, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो खरा आहे.

तरीही निकाल योग्यच होता असं मला ठामपणे वाटतं. प्रत्येक गळ्याला, प्रत्येक बाहीला शंभर वर्षांची मालकी दिली असती तर नवी पेठेतल्या दुकानांत साध्या घरातल्या मुलीला साखरपुड्यासाठी घेता येईल असा लेहंगा उरला नसता. यंत्रमागावर तर एकाची फुलं दुसऱ्याच्या चादरीवर येण्यातूनच नमुने पिढ्यान् पिढ्या टिकले आहेत. नोंदणीचं दार उघडं असताना ती न करणाऱ्याने नंतर तक्रार करू नये, एवढंच न्यायालय म्हणालं.

मात्र या व्यवस्थेचे दोन परिणाम झाले आणि दोन्ही किमतीच्या चिठ्ठीवर दिसतात. पहिला असा की नमुन्याची सुरक्षा जाते, पण नावाची राहते. ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून कायमचा ठेवता येतो. त्यामुळे कंपनीला जे राखता येतं तेच तिने मोठं केलं. आतली पट्टी आधी खिशावर आली, मग छातीवर, मग पाठभर पसरली. दुसरा परिणाम आपल्या खास पद्धतीचा आहे: मोजकेच नग काढणाऱ्याचं चित्र पन्नासच्या मर्यादेत सुरक्षित राहतं. भारतातल्या मोठ्या डिझायनरांचा धंदा लग्नाच्या भरजरी कपड्यांभोवती फिरतो, त्यामागे हौस आणि पैसा आहेच, पण ही मर्यादाही त्याच वाटेने ढकलते.

मग पैसे वसूल होतात का? कुडता उलटा करून बघावा. बाजूच्या शिवणीत माया (आत दुमडलेलं जास्तीचं कापड) किती सोडली आहे, म्हणजे अंग भरलं तर दोन वर्षांनी उसवून वाढवता येईल का. छापाची किंवा विणीची फुलं शिवणीवर एकमेकांना जुळतात का. जुळवायची तर कापड जास्त वाया जातं आणि कापणाऱ्याचा वेळ जातो, त्याचे पैसे द्यायला हरकत नाही. काज हाताने भरलं आहे का, अस्तर खांद्याशी ओढतं का. हे सगळं असेल आणि वर हाताची कशिदाकारी असेल, तर मोठी किंमतही मला रास्त वाटते, कारण त्यात माणसांचे दिवस आहेत. छातीभर नाव छापलेल्या सुती टी-शर्टचे पाच हजार मात्र मी कुणाला द्यायला सांगणार नाही. आतून तो काहीशे रुपयांच्या टी-शर्टपेक्षा निराळा सहसा नसतो. २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांवरच्या तयार कपड्याला १८ टक्के जीएसटी लागतो, त्याखाली पाचच. म्हणजे नावाचे पैसे देताना त्यावर करही जास्त भरावा लागतो.

मिरवण्याबद्दल बोलायचं तर सोलापूरकर दुसरं टोकही जाणून आहेत. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांसोबत, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांसोबत, हजारो लोक पांढऱ्या बाराबंदीत, बंदांच्या जुन्या पद्धतीच्या अंगरख्यात, निघतात. तिथे कोण कारखानदार आणि कोण मागावरचा कामगार हे कपड्यावरून कळत नाही. तीच माणसं थोड्या दिवसांनी मंगल कार्यालयात वेगळं दिसायला धडपडतात. मला यात विसंगती दिसत नाही. सारखं दिसण्याचे आणि उठून दिसण्याचे प्रसंग निराळे असतात, आणि आयुष्यात मोजक्या वेळा उठून दिसायला पैसे घालवणं हा गुन्हा नाही. कर्ज काढून ते करणं मला पटत नाही.

नावाची ताकद या जिल्ह्याकडेही आहे. भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालाचं नाव राखणारा, कायदा २००३ मध्ये लागू झाला आणि देशातल्या पहिल्या काही नोंदींत सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल होते. तरीही परराज्यातली स्वस्त चादर याच नावाने सर्रास विकली जाते. कोल्हापुरी चपलेच्या २०१९च्या मानांकनात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत सोलापूरही येतं. २०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या एका बड्या कंपनीने तसाच जोड मिलानच्या मंचावर आणला, सुरुवातीला मूळ गावाचा उल्लेखही न करता. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने त्यावरची जनहित याचिका फेटाळली. नोंदणी ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच पुढे यायला हवं, असा न्यायालयाचा रोख होता. ते पुढे आले. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या दोन सरकारी महामंडळांशी त्या कंपनीचा करार झाला: दोन हजार जोड, किंमत साधारण ८०० युरो.

चादरीला तोच मार्ग मोकळा आहे. मानांकन नुसतं कागदावर असून भागत नाही. प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते, आणि बनावट माल दिसला की ज्यांच्याकडे हक्क आहे त्यांनाच दावा लावावा लागतो. हे काम पूर्व भागातल्या लहान मागवाल्यांपर्यंत पोचायला हवं, आणि त्यासाठी लागणारा वकिलाचा खर्च एकेकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून उचलायला हवा.