फाशांची संभाव्यता

फासा टाकल्यावर ठरावीक दान पडण्याची शक्यता किती, हे मोजण्याचे गणित. फाशाची घडण सगळीकडून सारखी असेल, तर १ ते ६ यांपैकी कोणताही अंक पडण्याची संभाव्यता १/६ असते. दोन फाशांची मिळून ३६ दाने होतात, तीन फाशांची २१६. त्यांतली हवी ती दाने मोजायची आणि एकूण दानांनी भागायचे. सूत्र इतकेच, खरा कस मोजणीत लागतो.

दोन्ही फासे सारखे दिसतात म्हणून २-५ आणि ५-२ हे एकच दान धरले जाते, आणि तिथेच हिशेब चुकतो. एक फासा लाल, दुसरा पांढरा घेतला की ही दोन दाने वेगळी असल्याचे लगेच कळते. म्हणून बेरीज ७ सहा तऱ्हांनी येते, १२ मात्र एकाच तऱ्हेने.

अशा मोजणीचा एक सुरेख नियम भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) ‘अंकपाश’ प्रकरणात आहे. पाच स्थानी शून्य सोडून अंक मांडायचे, बेरीज १३ आली पाहिजे. किती संख्या होतील? बेरजेहून एक कमी अशा संख्येपासून उतरत, स्थानांहून एक कमी इतक्या संख्यांचा गुणाकार करायचा आणि १ पासूनच्या तितक्याच संख्यांच्या गुणाकाराने भागायचे. उत्तर : (१२×११×१०×९) ÷ (१×२×३×४) = ४९५. खान्देशाशी या ग्रंथाचे नाते जुने आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. शके ११२८ चा उल्लेख असलेला तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो.

उदाहरण अंकांचे असले, तरी फाशांना ते जसेच्या तसे लागू पडते. तीन फाशांची बेरीज ८ हवी असेल, तर (७×६) ÷ (१×२) = २१ दाने, म्हणजे संभाव्यता २१/२१६. नियमाची मर्यादाही ग्रंथातच सांगितली आहे : बेरीज स्थानसंख्या अधिक नऊ यांपेक्षा कमी हवी. फाशावर नऊच्या जागी सहा येतात, म्हणून तीन फाशांना नियम ८ पर्यंतच पुरतो. बेरीज ९ साठी तो २८ देतो, पण त्यात ७-१-१ च्या तीन मांडण्या असतात आणि फाशावर सात नसतो. त्या वगळल्या की २५ उरतात. १० साठी ३६ मधून ९ वगळून २७.

क्रम न पाहता ९ आणि १० या दोन्ही बेरजा अंकांच्या सहा-सहा गटांनीच (जसे ६-२-१) बनतात, तरी १० जास्त वेळा का पडते, हा प्रश्न इटलीतील खेळाडूंना पडला होता. गॅलिलिओने त्याचे उत्तर हेच २५ आणि २७ मोजून दिले. पुढे १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेचे शास्त्र उभे राहिले.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खान्देशात पत्त्यांचे डाव रंगतात, पोरे लुडो मांडून बसतात. ‘इतका वेळ सहा पडला नाही, आता पडणारच,’ असे तिथे हमखास ऐकू येते. ते खरे नाही. मागचे दान फाशाला ठाऊक नसते. सलग सहा वेळा टाकून एकदाही सहा न पडण्याची संभाव्यता (५/६)⁶, म्हणजे सुमारे ०.३३ आहे; तीन खेळाडूंत एकाच्या वाट्याला हे सहज येते.

सारीपाटाच्या कवड्यांना मात्र ही रीत चालत नाही. कवडी उताणी आणि पालथी पडण्याची शक्यता सारखी नसते, शिवाय ती कवडीगणिक बदलते. तिथे आधी तीच कवडी शेकडो वेळा टाकून प्रमाण काढावे लागते.