खगोलीय छायाचित्रांचे हौशी वाचन

दुर्बिणीने किंवा अवकाशयानाने टिपलेल्या छायाचित्रात एखादा अनोळखी ठिपका, रेघ, कडे किंवा डाग दिसला, तर तो नेमका कशाचा आहे याचा छडा लावण्याच्या हौशी अभ्यासकांच्या उद्योगाला खगोलीय छायाचित्रांचे हौशी वाचन म्हणता येईल. हे काम करणाऱ्यांत स्वतःच्या दुर्बिणीला कॅमेरा जोडून रात्री जागवणारे आहेत, तसेच दुर्बिणीला कधी डोळाही न लावता अवकाशसंस्थांनी खुली केलेली चित्रे संगणकाच्या पडद्यावर चाळत बसणारेही आहेत. दोघांपुढचे कोडे एकच असते : दिसते ते आकाशात आहे, की दुर्बिणीत, की कॅमेऱ्याच्या संवेदकात, की चित्रावर नंतर केलेल्या संस्करणात, की पाहणाऱ्याच्या नजरेत? शेवटच्या चार शक्यता निकालात निघाल्याशिवाय पहिलीचा विचार करायचा नाही, हा या छंदातला अलिखित दंडक आहे.

उपकरणाच्या खुणा : सर्वांत नेहमीचा प्रश्न ताऱ्यांना फुटलेल्या काट्यांचा. तारा इतका दूर असतो की तो बिंदूच दिसायला हवा; परंतु दुय्यम आरसा धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांमुळे आणि मुख्य आरशाच्या कडांमुळे प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे तो कडेपाशी वळून पसरतो, व बिंदूभोवती काटे उमटतात. हबल दुर्बिणीचा दुय्यम आरसा चार पट्ट्यांवर तोललेला असल्याने तिच्या चित्रांतील ताऱ्यांना चार काटे असतात. जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा षट्कोनी तुकड्यांचा आहे, म्हणून तेथे सहा मोठे काटे दिसतात. तिच्या तीन पट्ट्यांमुळे आणखी सहा पडायचे, पण पट्ट्यांचे कोन असे ठेवले आहेत की त्यांतले चार आधीच्या काट्यांवरच बसतात आणि दोन आखूड, आडवे काटे तेवढे वेगळे उरतात. त्यामुळे सराईत वाचक नुसते काटे मोजून चित्र या दोहोंपैकी कोणत्या दुर्बिणीचे ते सांगतो. काट्यांचा उपयोगही होतो. ते ठळकपणे उमटतात ते बिंदुवत तेजस्वी वस्तूंभोवती. तेव्हा दूरच्या दीर्घिकेच्या मध्यावर काटे दिसले, तर तिच्या गाभ्यातल्या फार लहान जागेतून फार मोठा प्रकाश येत असावा, किंवा आपल्याच आकाशगंगेतला एखादा तारा नेमका आड आला असावा. वेबच्या काही चित्रांत झगझगीत ताऱ्याच्या ऐन मध्यावर काळा ठिपका दिसतो. तो कृष्णविवराचा नव्हे; तेथे संवेदक प्रकाशाने इतका भरून जातो की त्या पिक्सेलांचे मोजमाप वापरण्याजोगे राहत नाही आणि ती जागा रिकामी सुटते.

घरगुती दुर्बिणीच्या चित्रांतली धुळीची कडी याच जातीची. संवेदकासमोरच्या काचेवर किंवा फिल्टरवर बसलेल्या कणाची सावली आरशाच्या दुर्बिणीत मध्ये उजळ राहिलेल्या गोल कड्यासारखी पडते, कारण दुय्यम आरसा प्रकाशझोताचा मधला भाग अडवत असतो. कण संवेदकापासून जितका दूर तितके कडे मोठे. नवख्याला ते फुगत चाललेल्या तेजोमेघासारखे वाटू शकते. त्याची ओळख पटवण्याची युक्ती साधी आहे : दुर्बीण किंचित सरकवून दुसरे चित्र घ्यायचे आणि खूण कोणाबरोबर हलते ते पाहायचे. ताऱ्यांबरोबर हलली तर ती आकाशाची, संवेदकाच्या त्याच पिक्सेलांना चिकटून राहिली तर कॅमेऱ्याची. सदैव उजळ राहणारे सदोष पिक्सेल याच चाचणीत सापडतात. तेजस्वी ताऱ्याच्या प्रकाशाचे भिंगांत परावर्तन होऊन उठणारी भुते मात्र तारा सरकला की उलट्या दिशेलाही सरकतात, आणि त्यामुळे पहिल्यांदा भेटली की चांगलाच गोंधळ उडवतात.

एकाच चित्रात येऊन पुढच्यात नाहीशी होणारी खूण बहुधा वैश्विक किरणाची असते. एप्रिल २०१४ मध्ये मंगळावरील क्युरिऑसिटी गाडीच्या दिशादर्शक कॅमेऱ्याने क्षितिजाजवळ प्रकाशाचा उभा ठिपका टिपला आणि त्याची मोठी चर्चा झाली. हा कॅमेरा माणसाच्या डोळ्यांसारखा जोडीचा असतो. उजव्या कॅमेऱ्यात दिसलेला तो उजेड डाव्याने त्याच क्षणी घेतलेल्या चित्रात नव्हता. संवेदकावर आदळलेला कण किंवा एका कॅमेऱ्याच्या कोनातूनच दिसलेली खडकाची चकाकी, अशी दोन स्पष्टीकरणे नासाने पुढे ठेवली. क्षितिजावर सर्वांना दिसेल असा दिवा लावलेला असता, तर तो दोन्ही कॅमेऱ्यांना दिसायला हवा होता.

रंग आणि वेळ : खगोलीय चित्रातला रंग डोळ्याला दिसणारा रंग असतोच असे नाही. वेगवेगळ्या फिल्टरांतून घेतलेली राखाडी चित्रे एकत्र करून, कोणत्या फिल्टरला कोणता रंग द्यायचा हे ठरवून ते रंगवलेले असते. हे पक्के ठाऊक असण्याने किती फरक पडतो, ते स्लोन आकाश सर्वेक्षणाच्या चित्रांत दिसते. या सर्वेक्षणातील दीर्घिकांचे आकारानुसार वर्गीकरण लोकांकडून करून घेण्यासाठी गॅलेक्सी झू हा प्रकल्प जुलै २००७ मध्ये सुरू झाला. थोड्याच दिवसांत हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला आयसी २४९७ या दीर्घिकेखाली निळसर, वेड्यावाकड्या आकाराचा एक पुंजका दिसला आणि हे काय आहे असे तिने विचारले. ‘हॅनीचे फोरवेर्प’, म्हणजे डच भाषेत हॅनीची वस्तू, या नावाने तो आता ओळखला जातो. तो वायूचा प्रचंड मेघ असून शेजारच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून पूर्वी आलेल्या, आता बऱ्याच मंदावलेल्या क्वेसारच्या (अतितेजस्वी गाभ्याच्या) प्रकाशाने उजळलेला आहे. दीर्घिकेचा दिवा मालवत आला तरी तिचा जुना उजेड मेघापर्यंत पोहोचून आपल्याकडे उशिरा येतो आहे.

याच प्रकल्पातील स्वयंसेवकांच्या नजरेत लहान, गोल, हिरवेगार ठिपकेही भरले. त्यांना त्यांनी गमतीने ‘मटार’ म्हटले, त्यांचे वर्णपट काढून चाळले, तारे व चुकीचे नमुने बाजूला केले. उरलेले सुमारे २५० ठिपके म्हणजे वेगाने तारे घडवणाऱ्या छोट्या दीर्घिका निघाल्या व त्यावरचा शोधनिबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. निळा पुंजका आणि हिरवे मटार यांच्या रंगांमागे मुख्यतः एकच गोष्ट आहे, आयनीभूत ऑक्सिजनची तेजस्वी वर्णरेषा. फोरवेर्पचे ताम्रच्युतीमान (वस्तू दूर असेल तितका तिचा प्रकाश तांबड्या टोकाकडे सरकतो, त्याचे माप) कमी असल्याने ती रेषा ज्या फिल्टरमध्ये पडते त्याला सर्वेक्षणाने निळा रंग दिलेला आहे. मटार अधिक दूर असल्याने ती सरकून पुढच्या फिल्टरमध्ये जाते, आणि त्याला हिरवा दिलेला आहे. रंग येथे प्रत्यक्षात अंतराची नोंद करत होता.

याच सर्वेक्षणात फिल्टरांची चित्रे एकाच क्षणी नव्हे, तर काही मिनिटांत एकामागून एक घेतली जात. त्या अवधीत सरकलेला लघुग्रह एका पांढऱ्या ठिपक्याऐवजी ओळीने मांडलेल्या रंगीत ठिपक्यांसारखा दिसतो. हबलच्या चित्रांत तोच लघुग्रह बाकदार रेघ ओढतो, कारण दीर्घ उद्भासनाच्या, म्हणजे कॅमेरा प्रकाश साठवत असतानाच्या, काळात दुर्बीण स्वतः पृथ्वीभोवती फिरत असते आणि जवळच्या वस्तूची दिशा त्यामुळे वळत जाते. हबलच्या जुन्या चित्रांतून अशा रेघा शोधण्याच्या कामात ११,००० हून अधिक स्वयंसेवक होते. त्यांनी केलेल्या खुणांवर संगणकाला शिकवून अखेर १,७०१ रेघा हाती लागल्या, व त्यांतल्या १,०३१ कोणत्याही ज्ञात लघुग्रहाशी जुळल्या नाहीत. मूळ चित्रे घेणाऱ्यांच्या लेखी त्या रेघा म्हणजे पुसून टाकायचा केर होता.

तुलना : या छंदाचे मुख्य हत्यार म्हणजे एकाच जागेची दोन काळांतली चित्रे आलटून पालटून पाहणे. क्लाइड टॉम्बॉने १९३० मध्ये प्लूटो शोधला तो जानेवारीत सहा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या छायाचित्रांच्या दोन काचा ‘ब्लिंक’ यंत्रात अशाच पाहून. यंत्राची जागा आज संगणकाने घेतली असली, तरी शब्द तोच राहिला आहे. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेतील जे मॅकनील यांना तीन इंची दुर्बिणीने मृग नक्षत्रातील एम ७८ या तेजोमेघाजवळ घेतलेल्या चित्रात एक पिटुकला तेजोमेघ दिसला, जो नकाशांत नव्हता. एका कोवळ्या ताऱ्याच्या उद्रेकाने तो उजळला होता. त्यानंतर जुनी चित्रे उपसली गेली, तेव्हा १९६६ च्या एका छायाचित्रातही तोच मेघ सापडला. म्हणजे तो नवा नव्हता, मधूनमधून पेटणारा होता, आणि ही माहिती शोधाइतकीच मोलाची ठरली.

१९ जुलै २००९ ची अँथनी वेस्ली यांची रात्र तर या विचारपद्धतीचा नमुनाच आहे. ऑस्ट्रेलियातील आपल्या घरच्या दुर्बिणीतून ते गुरूची चित्रे घेत होते. हवा अस्थिर झाल्याने काम आवरण्याच्या बेतात ते होते. पण अर्धा तास थांबून ते परतले तेव्हा गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक गडद डाग कडेवरून आत येत होता. त्या भागात गडद वादळे नेहमीची असल्याने पहिला अंदाज तोच होता. ग्रह फिरत गेला तसा डाग सर्वच रंगांत काळा असल्याचे स्पष्ट झाले. मग उपग्रहाची सावली असावी म्हटले, तर जागा आणि आकार जुळेना. शेवटी त्यांनी दोन रात्रींपूर्वीची स्वतःचीच चित्रे काढली : त्या जागी काहीही नव्हते. हवाईमधील मोठ्या दुर्बिणींनी अवरक्त प्रकाशात पाहिल्यावर तेथे आघाताचा ढग असल्याचे निश्चित झाले. शूमेकर-लेव्ही ९ धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळल्याला तेव्हा १५ वर्षे झाली होती.

सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रावर कोसळलेल्या विक्रम अवतरकाचा शोधही तुलनेतूनच लागला. नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने १७ सप्टेंबरला घेतलेले त्या भागाचे चित्र खुले झाल्यावर चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमणियन यांनी ते आणि अपघातापूर्वीचे चित्र शेजारी-शेजारी ठेवून तपासले. सूर्य क्षितिजालगत होता, सावल्या लांबच लांब पडल्या होत्या, आणि त्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे १.३ मीटर जमीन होती. त्यांना वेगळा वाटलेला तुकडा या चित्रात फक्त एक उजळ पिक्सेल होता. एका पिक्सेलवर कोणी पैज लावत नाही. पण आधीच्या चित्रात त्या जागी तो नव्हता एवढ्यावर त्यांनी नासाला कळवले. नोव्हेंबरमध्ये अधिक चांगल्या उजेडात घेतलेल्या चित्रांत आघाताचे ठिकाण व विखुरलेले अवशेष दिसले. सुब्रमणियन यांचा तुकडा मुख्य ठिकाणाच्या वायव्येस सुमारे ७५० मीटरवर होता. २ डिसेंबर २०१९ रोजी नासाने त्यांचे श्रेय जाहीर केले.

अपेक्षा आणि भास : डोळा आकृती शोधण्यात इतका तरबेज आहे की नसलेलीही शोधतो. व्हायकिंग १ या यानाने २५ जुलै १९७६ रोजी टिपलेला मंगळाच्या सायडोनिया भागातला ‘चेहरा’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. सूर्य खाली होता, टेकडीची एक बाजू अंधारात होती, एका पिक्सेलमध्ये सुमारे ५० मीटर जमीन होती आणि नाकपुडीच्या जागचा काळा ठिपका तर प्रक्षेपणात गळालेल्या माहितीचा होता. चित्र प्रसिद्ध करतानाच हा सावल्यांचा खेळ असल्याचे सांगितले गेले होते, तरी कल्पना वाढतच गेली. मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानाने १९९८ मध्ये आणि २००१ मध्ये, दुसऱ्या वेळी पिक्सेलला सुमारे दीड मीटर इतक्या बारकाईने, तीच जागा पाहिली, तेव्हा झिजलेली साधी टेकडी दिसली. उजेड वरूनच येतो असे मेंदू गृहीत धरत असल्याने चंद्रावरची विवरे उलट्या बाजूने प्रकाशित झाली की फुगीर घुमट वाटतात. चित्र १८० अंशांत फिरवले की खड्डे पुन्हा खड्डे होतात.

याच्या नेमके उलट काम व्हिटाली येगोरोव्ह यांच्याभोवती जमलेल्या रशियन हौशी मंडळींनी केले. २ डिसेंबर १९७१ रोजी मंगळावर उतरून काही सेकंदांतच गप्प झालेल्या सोव्हिएत मार्स ३ या अवतरकाचा माग त्यांना काढायचा होता. त्यांनी चित्राला हात घालण्याआधी हवाई छत्री, उष्णतारोधक कवच, वेग कमी करणारे रॉकेट आणि अवतरक हे चारही भाग नासाच्या हायराइज कॅमेऱ्याच्या चित्रात किती मोठे आणि कसे दिसतील याच्या प्रतिकृती तयार केल्या. मग २००७ मधले १८० कोटी पिक्सेलांचे चित्र तुकड्यातुकड्याने चाळले. ३१ डिसेंबर २०१२ रोजी चारही भागांशी जुळणारी ठिकाणे एकाच परिसरात सापडली. रॉकेटशी जुळणाऱ्या आकाराला तर अवतरकाशी जोडणाऱ्या साखळीसारखी एक रेघही होती. मार्च २०१३ मध्ये त्या जागेची पुन्हा चित्रे घेतली गेली, आणि तरीही ही ओळख ‘संभाव्य’ म्हणूनच मांडण्यात आली. काय सापडायला हवे ते आधी लिहून ठेवणारा आणि सापडल्यावर त्याला नाव शोधणारा, या दोघांच्या हातांत चित्र सारखेच असले तरी पुराव्याचे वजन सारखे नसते.

सोहो या सौरवेधशाळेच्या चित्रांतून धूमकेतू शोधणारे हाच शिरस्ता पाळतात. सूर्याला झाकून घेतलेल्या या चित्रांत वैश्विक किरणांचे ठिपके भुरभुरलेले असतात आणि तेजस्वी ग्रहांच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेघा फुटून त्यांच्या ‘तबकड्या’ बनतात. लागोपाठच्या चित्रांत अपेक्षित मार्गाने, जुळत्या वेगाने सरकणारा ठिपकाच ग्राह्य धरला जातो. मार्च २०२४ मध्ये या पद्धतीने ५,००० वा धूमकेतू नोंदला गेला, आणि त्यांतले बहुसंख्य स्वयंसेवकांनी शोधलेले आहेत.

सद्यःस्थिती : संगणकाने रेखलेल्या चित्रांमुळे वाचन सोपे झाले तसे अवघडही झाले आहे. कृत्रिम प्रज्ञेवर चालणारी धार लावण्याची साधने अंधूक जागी विश्वासार्ह वाटणारे तपशील भरू शकतात, म्हणून शंका आली की मूळ, असंस्कारित चित्रे मागण्याची प्रथा पडली आहे. २०१९ पासून सोडल्या जाणाऱ्या स्टारलिंक उपग्रहांच्या रेघांनी केर वाढवला आहे. दुसरीकडे, २०२२ मध्ये फ्रान्स व जर्मनीतील तीन हौशी छायाचित्रकारांनी देवयानी दीर्घिकेजवळ ऑक्सिजनचा विस्तीर्ण कमानदार मेघ टिपला. असंख्य वेळा चित्रित झालेल्या त्या भागात तो पूर्वी कोणाला दिसला नव्हता, म्हणून अंतर्गत परावर्तनाचा संशय घेऊन इतर ठिकाणच्या वेगळ्या दुर्बिणींनी तो पडताळला गेला आणि मगच जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

नवी वस्तू कळवण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत : लघुग्रह आणि धूमकेतूंसाठी मायनर प्लॅनेट सेंटर, अतिनवताऱ्यांसाठी (स्फोट होऊन अचानक उजळलेल्या ताऱ्यांसाठी) २०१६ पासून ट्रान्झियंट नेम सर्व्हर. दीर्घिकेच्या भुजेजवळ नवा ठिपका दिसला, तर कळवण्यापूर्वी त्या वेळी तेथून एखादा ज्ञात लघुग्रह जात होता का, हे पाहणे आवश्यक असते. अर्ध्या तासाने घेतलेल्या दुसऱ्या चित्रात तो जागचा हलला असेल, तर अतिनवताऱ्याचा प्रश्न तेथेच मिटतो.